वाणात गेलेली जमीन

हळदीकुंकवाला लुटलेलं वाण दुसऱ्या दिवशी दारोदार जाऊन परत मागणारी बाई तुम्ही कधी पाहिली नसेल. मीही पाहिली नव्हती. पण जानेवारीतल्या एका रविवारी सकाळी, नाकातला श्वास गोठेल अशा थंडीत, अमेरिकेतल्या ईडन प्रेरीच्या रस्त्यांवरून मी तेच करत फिरत होते. आणि कशासाठी, तर नवऱ्याच्या पत्त्यांसाठी.

नवरा पत्ते खेळतो म्हटलं की जे डोळ्यांपुढे येतं, ते हे नव्हे. मिहीरचे पत्ते म्हणजे राक्षस, जादूगार, पंख फुटलेले घोडे अशी चित्रं असलेली पानं. लोक ती पाकिटं घेऊन, अदलाबदल करून जमवतात आणि त्यातून आपापला साठ पानांचा जोड बांधतात, त्याला डेक म्हणायचं. मग दोघं समोरासमोर बसून आपापल्या डेकनं एकमेकांना संपवतात. त्रेचाळीस वर्षांचा इंजिनियर माणूस हे खेळतो याची मला पूर्वी लाज वाटायची. उन्हाळ्यात त्याचा लेऑफ झाला, आणि मग लाज वाटायलाही फुरसत उरली नाही.

लेऑफनंतर पहिले काही आठवडे मिहीर शर्ट घालून, दाढी करून इंटरव्ह्यूच्या कॉल्सना बसायचा. मग शर्ट गेला, दाढी आली. दिवाळीनंतर तो जो बेसमेंटमध्ये उतरला, तो जेवायलाच वर यायचा. आमचा व्हिसा आता माझ्या नोकरीवर होता, घर माझ्या नोकरीवर होतं, आणि मी विम्याच्या एका कंपनीत दिवसभर सॉफ्टवेअर टेस्ट करून संध्याकाळी घरी आले की पोळ्यांचा डबा उघडत होते. मी त्याला बोलत नव्हते. बोलायचं तर आधी बसावं लागतं, आणि बसले की मला झोप यायची.

डिसेंबरात सासूबाई आल्या. सुचित्राबाई, पुण्याच्या एका शाळेत आयुष्यभर चित्रकला शिकवलेल्या. त्यांनी आल्या आल्या ओळखलं की इथे काहीतरी बिनसलंय, पण विचारलं काही नाही. रोज दुपारी त्या चहाचे दोन कप घेऊन बेसमेंटमध्ये जायच्या आणि मिहीर डेकची पानं लावत बसलेला असायचा तिथे समोर बसायच्या. एकदा मी कपड्यांची बास्केट घेऊन खाली गेले, तेव्हा तो त्यांना खेळ समजावत होता.

"हा राक्षस बघ. भारी आहे, पण तो हातातून टेबलवर आणायला शक्ती लागते. ती येते जमिनीच्या पानांतून. ही बघ जमीन."

जमिनीचं पान अगदी साधं होतं. एखादी नदी, एखादा डोंगर, खाली नाव. ते लढत नाही, कुणाला अडवत नाही. आपल्या एका पाळीला एकच जमीन टेबलवर ठेवायची, घाई चालत नाही. वापरायची झाली की ती आडवी फिरवायची. आडवी केली की त्या पाळीपुरती तिची शक्ती संपली. मोठा राक्षस आणायचा तर पाच-सहा जमिनी आडव्या होतात.

"आणि मग?" आईंनी विचारलं.

"मग आपली पुढची पाळी आली की सगळ्यात आधी, दुसरं काही करायच्या आधी, जमिनी परत उभ्या करायच्या. नवखे लोक इथेच चुकतात. नवीन पान ओढायची घाई. जमीन उभी करायचं विसरतात, आणि मग विचारतात, शक्ती कुठे गेली."

मी मशीनमध्ये कपडे टाकत होते. मनात म्हटलं, मला नका सांगू.

"सगळी अक्कल जमिनी किती ठेवायच्या यात आहे," मिहीर सांगत होता. "कमी ठेवल्या तर हातात सगळे राक्षस आणि एकही खेळता येत नाही. जास्त ठेवल्या तर टेबलभर जमीनच जमीन, आणि लढायला कुणी नाही."

"म्हणजे दात आहेत तर चणे नाहीत, चणे आहेत तर दात नाहीत," आई म्हणाल्या.

मिहीर हसला. त्याला हसताना मी कधीपासून पाहिलं नव्हतं कोण जाणे. मी तिथेच झाकण उघडं ठेवून उभी राहिले.

त्याच आठवड्यात सुशांतचा फोन आला. सुशांत मिहीरचा जुना सहकारी, दोघं पूर्वी दर रविवारी गेम स्टोअरमध्ये हेच पत्ते खेळायचे. नवीन वर्षाच्या एका रविवारी तिथे टुर्नामेंट होती. "ये यार," सुशांत म्हणाला. "आमच्या कंपनीतला ग्रेग येतोय. त्याची टीम माणसं घेतेय. रेझ्युमे नको, काही नको, फक्त समोर बसून खेळ. तो माणूस खेळावरून माणूस ओळखतो." मिहीर हो म्हणाला. मग तो रोज डेक बांधू लागला, पानं काढू-घालू लागला. एक दिवस त्यानं दाढी केली. मी ऑफिसमधून आले आणि त्याचा गुळगुळीत चेहरा बघून मला इतकं बरं वाटलं की मी पर्स न ठेवता तशीच जिन्यात बसले. या एका रविवारी हा माणूस घराबाहेर पडावा, एवढंच माझं मागणं होतं. नोकरी मिळो न मिळो.

टुर्नामेंटच्या आदल्या दिवशी, शनिवारी, आमच्याकडे संक्रांतीचं हळदीकुंकू होतं. ते मला नको होतं. पण आईंनी वाणासाठी घेतलेल्या स्टीलच्या वाट्या सामानाचं वजन जास्त झालं म्हणून विमानतळावर काढून ठेवाव्या लागल्या होत्या, आणि तेव्हापासून त्या हळहळत होत्या. मग मी काचेचे छोटे डबे आणले. आई म्हणाल्या, फार कोरे दिसतात, थांब, मी शोभा आणते. शनिवारी वीस-बावीस बायका गॅरेजमध्ये बूट काढून, काळ्या साड्यांवर जाड स्वेटर घालून आल्या. उखाणे झाले, तिळगूळ झाला. प्रत्येक डब्यावर लाल फितीनं एक एक सुंदर चित्र बांधलेलं होतं, नदीचं, डोंगराचं. मी पाहिलं, पण एका हातात अत्तरदाणी आणि दुसऱ्या हातात सामोशांचा ट्रे असलेली बाई किती बघणार? मला वाटलं, आईंनी पुण्याहून पोस्टकार्डं आणली असतील. बायका मात्र खूश झाल्या. रात्री भांडी सिंकमध्ये तशीच टाकून मी झोपले.

रविवारी सकाळी आई पोहे परतत होत्या आणि मिहीर डायनिंग टेबलवर डेकचा डबा उघडून बसला होता.

"जमिनी नाहीत," तो म्हणाला.

"म्हणजे?"

"डेकमधल्या सगळ्या जमिनी गेल्यात."

आईंनी झारा थांबवला. "ती डोंगर-नदीची चित्रं ना? ती मी काल डब्यांवर बांधली."

मला आधी कळलंच नाही. मग कळलं, आणि माझा तोल गेला. "आई! विचारायचं तरी! घरातली वस्तू उचलायची आणि गावाला वाटून टाकायची? आजच्या दिवसासाठी तो कधीपासून तयारी करत होता, माहितीये ना तुम्हाला?" आणखीही बरंच बोलले. आठवडाभराचं ऑफिस, कालचे सामोसे, सिंकमधली भांडी, सगळं त्या पोह्यांच्या कढईवर जाऊन पडलं. आईंनी एकदा मिहीरकडे पाहिलं. तो डब्यातल्या राक्षसांकडे बघत होता. मग त्या म्हणाल्या, "चुकलं माझं," आणि कोथिंबीर भुरभुरली.

"दुसऱ्या जमिनी नाहीत तुझ्याकडे?"

"नाहीत." मिहीरनं डबा मिटला. "जाऊ दे. पुढच्या वेळी जाईन."

पुढची वेळ म्हणजे काय ते मला माहीत होतं. तो परत खाली जाईल, दाढी परत येईल, आणि मार्चमध्ये बर्फ वितळेल तेव्हाही तो खालीच असेल. मी कोट चढवला आणि गाडीची किल्ली घेतली.

ग्रुपवर मेसेज टाकायचा मला धीर झाला नाही. हळदीकुंकवाचं वाण परत द्या, असं लिहायला बोटं वळेनात. समोर जाऊन मागणं त्यातल्या त्यात बरं वाटलं.

आधी शुभाकाकूंकडे गेले. शुभाकाकू निवृत्त डॉक्टर, आम्ही सगळे इथे यायच्या कितीतरी आधी आलेल्या, आमच्या भागातल्या सगळ्यांच्या काकू. त्यांनी नदीचं पान देवघरात गणपतीशेजारी ठेवून त्यावर हळदीकुंकू वाहिलं होतं. मी कशीबशी हकिकत सांगितली. त्यांनी पान उचलून माझ्या हातात ठेवलं.

"वाण परत घेत नाहीत गं. प्रसाद म्हणून ने," त्या म्हणाल्या. आणि मग, "तू डॉक्टरला दाखवलंस का स्वतःला? चेहरा बघ."

"दाखवते काकू," मी म्हटलं आणि निघाले.

हिमानीनं पान फ्रिजवर मॅग्नेट लावून टांगलं होतं. ती नागपूरची, आणि तिच्या पोटात काही राहत नाही. "अगं, पण तू एवढ्या थंडीत हे काय करून राहिली? मिहीरला पाठवायचं ना!" मिहीरला पाठवायचं असतं तर प्रश्नच नव्हता, हे मी तिला सांगितलं नाही. तिनं पान दिलं आणि आणखी दोघींना फोन करून त्यांच्या पानांची चौकशी केली. एकीचं रिसायकलिंगमध्ये गेलं होतं. दुसरीच्या बाळानं चावलं होतं. आणखी तिघी-चौघींच्या दारांवर मी उभी राहिले, कुणी दिलं, कुणी घरी नव्हतं, एकीनं आत बोलावून चहाच दिला आणि तो संपेपर्यंत माझी सुटका झाली नाही. शेवटी माझ्या कोटाच्या खिशात मूठभर पानं जमली. खेळ सुरू होईल एवढी नव्हती. मग मला सुचलं की सरळ स्टोअरमध्ये जावं आणि सुशांतला गळ घालावी, की त्या ग्रेगला जरा थांबवून ठेव.

स्टोअर एका स्ट्रिप मॉलमध्ये, बुटक्या दुकानांच्या ओळीत होतं, नेल सलोनच्या शेजारी. आत ओल्या बुटांचा आणि पिझ्झाचा वास. लांब टेबलांवर सगळ्या वयांचे लोक समोरासमोर बसलेले, आणि टेबलांवर रांगेनं जमिनी, काही उभ्या, काही आडव्या. सुशांत काउंटरपाशीच होता.

"वहिनी? मिहीर कुठेय? तो बघा ग्रेग, खिडकीजवळचा. वाट बघतोय."

मी सगळं सांगितलं. वाण, फिती, देवघर, फ्रिज. सुशांत हसायला लागला आणि मग माझ्या चेहऱ्याकडे बघून थांबला.

"बेसिक जमिनींसाठी तुम्ही घरं फिरलात? अहो वहिनी, त्या फुकट असतात." त्यानं काउंटरच्या टोकाला ठेवलेला बुटांचा एक मोठा खोका पुढे ओढला. तो काठोकाठ भरला होता. नद्या, डोंगर, रानं, माळ. "ज्याला लागतील त्यानं घ्यायच्या, जमलं तर परत टाकायच्या. मिहीरला काय माहीत नाही का? त्यानंच तर सुरू केलाय हा बॉक्स. दोन वर्षांपूर्वी घरातल्या सगळ्या एक्स्ट्रा जमिनी आणून ओतल्या होत्या."

मी खोक्यात बघत राहिले. "हो का," मी म्हटलं. "विसरला असेल."

सुशांतनं माझ्याकडे पाहिलं आणि एका पिशवीत दोन-तीन मुठी जमिनी भरून दिल्या.

गाडीत बसून मी हीटर लावला आणि काच मोकळी होईपर्यंत तशीच बसून राहिले. मला राग आला होता, मग तोही ओसरला. रडू आलं नाही. रडायलाही थोडा दम लागतो. मला एवढंच वाटत होतं की सीट मागे करावी आणि या पार्किंग लॉटमध्ये उन्हाळ्यापर्यंत झोपावं.

घरी आले तेव्हा मिहीर अजून डायनिंग टेबलवरच होता, खाली गेला नव्हता, एवढं खरं. आई समोर बसून मटार सोलत होत्या. मी पिशवी टेबलवर ठेवली. खिशातली पानंही काढून ठेवली. हळदीचं बोट उमटलेली नदी सगळ्यात वर होती.

"सुशांतनं दिल्या," मी म्हटलं. "तुझ्या खोक्यातून."

मिहीरनं पिशवी स्वतःकडे ओढली. त्याचे कान लाल झाले.

"शिवांगी, त्याला बोलू नकोस," आई म्हणाल्या. "मी विचारून घेतली होती ती चित्रं. त्यानंच काढून दिली. घे सगळी, म्हणाला."

"मग सकाळी सांगितलं का नाही तुम्ही? मी तुम्हाला एवढं बोलले."

आईंनी मटाराची शेंग फोडली. "मला बोललीस तर काय, मी मार्चमध्ये विमानात बसून निघून जाईन. त्याला बोलली असतीस तर तो कुठे गेला असता?"

 खुर्चीच्या पाठीला धरून मी उभी राहिले.

"जायचंच होतं मला," मिहीर म्हणाला, टेबलाकडे बघत. "शुक्रवारपर्यंत जायचंच होतं. मग वाटलं, तो माणूस समोर बसल्यावर पहिला प्रश्न विचारणार, सो, व्हॉट डू यू डू? खेळात काय, मी हरलो तरी चालतं. पण त्या प्रश्नाला मला काही सांगता येत नाही, शिवांगी. बेसमेंटमध्ये मी आरशासमोर बोलून बघितलं. नाही येत."

त्याची मला दया आली. आणि माझीही आली, आणि माझी जरा जास्तच आली, हे मी लपवत नाही.

"मला सांगितलं असतंस," मी म्हटलं. "मी तुला ओढत नेलं नसतं. पण मी सकाळपासून या थंडीत बायकांच्या दारात उभी राहिले, मिहीर. देवासमोरचं पान उचलून आणलं. आणि तू इथे बसून होतास, तुला माहीत होतं की हे सगळं उगाच आहे. मी थकलेय रे. आजची नाही, उन्हाळ्यापासूनची थकलेय. मी आता वर जाऊन झोपणार आहे. जेवायला काय आहे ते मला विचारायचं नाही."

मी जिना चढले. कोट अंगावर तसाच, मोजेही तसेच. खिडकीतून बर्फावरचं ऊन सरळ डोळ्यांवर येत होतं, पण पडदा ओढायला उठवेना. भर दुपारी पलंगावर मी कधी पडले होते ते मला आठवत नव्हतं. आजारी असल्याशिवाय तर नाहीच.

खालून बराच वेळ आवाज आला नाही. मग पानं पिसल्याचा आवाज आला, फर्रर्र, फर्रर्र. मी डोळे मिटले. नंतर जिन्यावर पावलं. मिहीर दारात आला. त्यानं शर्ट घातला होता.

"किल्ली तुझ्या कोटात आहे," तो म्हणाला.

मी खिशातून काढून दिली. "आता कशाला जातोस? सुरू झालं असेल."

"झालंच असणार. उशिरा येणाऱ्याला पहिला डाव हरला म्हणून धरतात. दुसऱ्यापासून बसता येतं." तो किल्लीकडे बघत होता. "एक हरूनच जातोय. मग त्याला तेच सांगेन. सध्या हरतोय म्हणून."

"जमिनी घेतल्यास?"

"घेतल्या. एक सोडून. तिच्यावर हळद लागलीये, उलटी ठेवली तरी ओळखू येते. तशी पानं चालत नाहीत."

तो पलंगाच्या दुसऱ्या बाजूला गेला. पडदा ओढल्याचा आवाज आला आणि डोळ्यांवरचं ऊन गेलं. मग तो काहीतरी करत तिथे क्षणभर रेंगाळला, मी मान वळवली नाही. पावलं जिना उतरली. आई काहीतरी म्हणाल्या, बहुतेक टोपी घाल म्हणाल्या. मग गॅरेजचं दार कुरकुरत वर गेलं, गाडी मागे निघाली, आणि दार पुन्हा खाली आलं. या घरात ते दार मी सोडून दुसऱ्या कुणी उघडल्याला किती काळ लोटला होता.

मी कूस बदलली. शेजारच्या टेबलवर, माझ्या पाण्याच्या बाटलीला टेकवून, हळद लागलेली ती नदी त्यानं सरळ उभी करून ठेवली होती.

सिंकमध्ये कालची भांडी तशीच होती. मी उठले नाही.